बरणीचं झाकण सील धरत नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबायचं

उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरण्या ओट्यावर मांडल्या की निवता निवता एकेक झाकण ‘टक्’ असं वाजतं. जी बरणी वाजत नाही, तिच्याकडे मग सारखं लक्ष जात राहतं. गेली बारा वर्षं मी टोमॅटो, फळांच्या फोडी आणि जॅम बरण्यांत भरून ठेवते. अलीकडे प्रेशर कॅनरमध्ये, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायच्या मोठ्या भांड्यात, भाज्याही करते. एवढ्या काळात माझ्याकडे आणि माझ्याकडून शिकलेल्यांकडे सर्वांत जास्त वेळा आलेली अडचण एकच आहे: झाकण सील धरत नाही, किंवा धरतं आणि काही दिवसांनी सोडतं.

बहुतेक जण पहिला दोष झाकणाला देतात आणि नवी झाकणं आणतात. माझ्या अनुभवात झाकण सदोष निघणं हे अगदी क्वचित. चूक बहुतेक वेळा भरताना किंवा निववताना झालेली असते आणि ती सुधारायला काही खर्च नसतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. झाकण का सुटलं हे शोधण्याआधी ते केव्हा सुटलं हे बघायचं. पहिल्या २४ तासांत सील बसलं नाही, तर पदार्थ वाचवता येतो. बसलेलं सील नंतर कधीतरी सुटलं, तर पदार्थ वाचवायचा नाही. खालचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

मी ज्या झाकणांबद्दल लिहितेय ती दोन भागांची असतात. एक पत्र्याची सपाट चकती, जिच्या खालच्या कडेला मऊ, लवचिक थर असतो. दुसरं आट्यांचं कडं, जे फिरवून चकती जागेवर धरायची. पुढे ‘चकती’ आणि ‘कडं’ हेच शब्द वापरते.

लक्षणं

बरण्या पाण्यातून काढल्यावर १२ ते २४ तास हलवू नका. त्यानंतर कडी काढा आणि तपासा. गरम असताना बोटाने दाबून पाहायचा मोह आवरा. त्या दाबाने चकती तात्पुरती खाली बसते आणि सील झाल्यासारखं वाटतं.

- चकतीच्या मधोमध दाबलं की ती खाली जाऊन पुन्हा वर येते, ‘टिक-टिक’ वाजते. सील नाही.
- बरणी डोळ्यांच्या रेषेत धरून बघितली तर चकती मध्यभागी किंचित खोलगट दिसायला हवी. सपाट किंवा फुगीर दिसली तर सील नाही.
- चमच्याच्या पाठीने चकतीवर टिचकी मारली तर खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर शंका घ्या. मात्र आतला पदार्थ चकतीला टेकलेला असला तरी आवाज बद्दच येतो, म्हणून ही कसोटी एकटी वापरू नका.
- चकतीवर सुरकुती पडली आहे किंवा तिची कड दुमडून वर आली आहे.
- आतला पाक किंवा पाणी कमी झालंय आणि काठाबाहेर चिकट ओघळ आहेत.
- आणि नंतरचं लक्षण: काही आठवड्यांनी कपाटातून बरणी काढली, तर चकती बोटाच्या एका धक्क्याने निघून आली.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचत बसू नका, थेट ‘कुठे थांबायचं’ या भागाकडे जा.

पहिल्या २४ तासांतल्या बरणीचं काय करायचं

तीन मार्ग आहेत. सर्वांत सोपा म्हणजे ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवायची. दुसरा, वरून साधारण ४ सेंटिमीटर जागा मोकळी करून फ्रीझरमध्ये ठेवायची, कारण गोठताना पदार्थ फुगतो. तिसरा, पुन्हा प्रक्रिया करायची: बरणी उघडा, काठ तपासा, गरज वाटली तर बरणी बदला, पदार्थ पुन्हा गरम करून भरा, नवी चकती लावा आणि पहिल्याइतकाच पूर्ण वेळ उकळत्या पाण्यात किंवा दाबाखाली ठेवा. ‘एकदा शिजलंय, आता पाच मिनिटं पुरेत’ असा हिशेब इथे चालत नाही.

एकदोन बरण्यांसाठी मी पुन्हा सगळा खटाटोप करत नाही, फ्रिजमध्ये ठेवते. फोडी दुसऱ्यांदा शिजून मऊ पडतात आणि दोन बरण्यांपायी एवढं पाणी तापवणं मला पटत नाही. पण अर्ध्याहून जास्त बरण्या हुकल्या असतील तर प्रक्रिया पुन्हा करण्याआधी कारण सापडायलाच हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच बरण्या तशाच समोर उभ्या राहतात.

सील बसतं कसं

बरणी तापते तशी आतली हवा प्रसरण पावते आणि चकतीच्या कडेखालून थोडी थोडी बाहेर निसटते. त्याच वेळी चकतीचा थर उष्णतेने मऊ होऊन काठाचा आकार घेतो. बरणी निवली की आत उरलेली वाफ आणि हवा आकसते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा चकतीला खाली दाबते. तोच ‘टक्’. म्हणजे तीन गोष्टी जमायला हव्यात: हवा बाहेर जायला वाट, थराला टेकायला स्वच्छ आणि सपाट काठ आणि सावकाश, निवांत थंड होणं. खालची प्रत्येक तपासणी या तिन्हींपैकी कशाशी तरी जोडलेली आहे.

तपासण्या: बिनखर्चाच्या आधी

काठ. भरून झाल्यावर बरणीचा काठ स्वच्छ ओल्या फडक्याने पुसला होता का? हुकलेली चकती उलटी करून थराकडे नीट बघा. काठाची गोल खूण सगळीकडे सारखी उमटलेली दिसली पाहिजे. जिथे ती तुटली असेल तिथे टोमॅटोची बी, साखरेचा कण, फळाचा एखादा धागा किंवा तेलाचा थेंब अडकलेला असतो. केसाएवढी फट हवा आत यायला पुरते. पदार्थात थोडंही तेल किंवा चरबी असेल तर मी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसते, कारण साध्या पाण्याने तेलकटपणा जात नाही. भरताना नरसाळं वापरलं तर काठ मुळातच कमी माखतो. मला विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांची अडचण या एका सवयीने सुटलेली आहे.

कडं किती घट्ट. इथे चांगले अनुभवी लोकही चुकतात, कारण मनाला वाटतं की जितकं घट्ट तितकं पक्कं. कडं बोटांच्या चिमटीत धरून अडेपर्यंतच फिरवायचं, मनगटाचा जोर लावायचा नाही. आवळून बसवलं तर हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती जोर करून चकतीच वाकवते. सुरकुती पडलेली किंवा दुमडलेली चकती दिसली की मी दुसरं कारण शोधतच नाही. उलट कडं फारच सैल राहिलं तर उकळताना आतला रस बाहेर येतो, त्यातले कण काठावर बसतात आणि सील हुकतं. प्रक्रियेनंतर ओल्या बरण्यांची कडी सैल झालेली दिसतात आणि हात आपोआप ती आवळायला जातो. तसं करू नका. मऊ थर तेव्हाच काठावर जमत असतो. कडं फिरवलं की चकती सरकते आणि थर ओरबाडला जातो.

वरची मोकळी जागा. जॅम आणि जेलीसाठी काठापासून साधारण ६ मिलिमीटर, फळं आणि टोमॅटोसाठी १२ मिलिमीटर, प्रेशर कॅनरमधल्या भाज्यांसाठी २५ मिलिमीटर किंवा थोडी जास्त. पाककृतीत आकडा दिला असेल तर तोच पाळा. जागा कमी ठेवली तर पदार्थ उकळून वर येतो आणि काठ खराब करतो. जागा फार ठेवली तर ठरलेल्या वेळात सगळी हवा बाहेर जात नाही, त्यामुळे आतला दाब पुरेसा घटत नाही. अंदाजाने भरण्यापेक्षा लहान पट्टी जवळ ठेवा. मी पहिली तीन वर्षं अंदाजाने भरत होते. तेव्हा एका खेपेला चौदापैकी पाच बरण्या हुकल्या होत्या. पट्टी हातात घेतल्यापासून तशी खेप आली नाही.

मोजण्याआधी बुडबुडे काढा. प्लास्टिकची किंवा लाकडी पातळ पट्टी बरणीच्या आतल्या बाजूने दोन-तीनदा फिरवायची. धातूची सुरी नको, काचेला ओरखडा पडतो आणि पुढच्या उकळीत तिथेच तडा जातो. कच्च्या फोडींमध्ये मुळातच भरपूर हवा असते. म्हणून त्या फोडी आधी काही मिनिटं उकळून गरम भरल्या तर सील जास्त खात्रीने बसतं आणि फळ वर तरंगत नाही.

निववणं. उकळण्याची वेळ संपली की आच बंद करा, भांड्याचं झाकण काढा आणि पाच मिनिटं थांबा. मग बरण्या सरळ उभ्या उचला. वर साचलेलं पाणी ओतलं जावं म्हणून आपण त्या तिरप्या करतो, पण आतला रसही त्याच वेळी काठाखाली शिरतो. झाकणावरचं पाणी आपोआप सुकतं. लाकडी फळीवर किंवा जाड फडक्यावर एकमेकींपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवून मांडा. वाऱ्याच्या झोतात किंवा थंड फरशीवर नको.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

चकती. चकती एकदाच वापरायची असते, कारण थरावर पहिल्या काठाची खूण कायमची उमटते आणि दुसऱ्यांदा ती खूण दुसऱ्या काठावर बरोबर बसत नाही. कडी आणि बरण्या मात्र वर्षानुवर्षं चालतात. न वापरलेल्या चकत्याही फार जुन्या झाल्या की थर कडक होतो, म्हणून एका वर्षाला लागतील तेवढ्याच आणाव्या. वापरण्याआधी चकती उकळायची की नुसती धुवायची, हे पाकिटावरच्या सूचनेत बघा. प्रत्येक प्रकाराचा थर वेगळा असतो आणि उगाच जास्त उकळला तर तो पातळ होतो. पोचा आलेली, गंज लागलेली किंवा थरात फट असलेली चकती बाजूला काढा. कड्याच्या आट्यांना गंज लागला असेल तर तेही बदला, कारण ते सारखं आवळलं जात नाही.

बरणी. काठावरून बोटाचं टोक सावकाश फिरवा. डोळ्याला न दिसणारा टवका बोटाला लगेच कळतो. मग बरणी सपाट ओट्यावर उलटी ठेवून बघा, काठ सगळीकडे टेकतो का. टवका उडालेली बरणी कोरड्या जिनसांसाठी वापरा. बाजारातल्या तयार पदार्थांच्या बरण्या पुन्हा वापरायचा मोह मला कळतो, पण त्यांचा काठ बहुतेकदा अरुंद असतो, थर नीट टेकत नाही आणि काच वारंवार उकळायला केलेली नसते.

प्रक्रिया. बरण्यांच्या माथ्यावर किमान २.५ सेंटिमीटर पाणी सतत असलं पाहिजे आणि वेळ मोजायची ती पाणी खळखळ उकळायला लागल्यापासून. मधेच उकळी मोडली तर पाणी पुन्हा उकळीला आणा आणि वेळ पहिल्यापासून मोजा. उंचीवर राहणाऱ्यांनी एक गोष्ट कधीच विसरू नये. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेलं की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंश सेल्सिअसने खाली येतो. पाणी तितकंच खळखळतं, पण तितकं तापत नाही. त्यामुळे ३०० मीटरच्या वर उकळण्याची वेळ वाढवावी लागते आणि प्रेशर कॅनरमध्ये दाब वाढवावा लागतो. किती, हे तपासून प्रमाणित केलेल्या तक्त्यावरूनच घ्या.

सील बसलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही

ही गोष्ट झाकणाच्या तक्रारीत बसत नाही, पण मला ती सर्वांत जास्त काळजीची वाटते. सील लवकर बसावं म्हणून गरम जॅम भरून बरणी उलटी ठेवणं, ओव्हनमध्ये तापवणं, किंवा उकळता पदार्थ ओतून नुसतं झाकण लावणं हे उपाय सर्रास सांगितले जातात. त्यांनी ‘टक्’ वाजतं, हे खरं. पण तो आवाज फक्त आतला दाब घटल्याचा असतो. आतले जंतू मेले की नाही, हे तो सांगत नाही.

निकोला आपेर या फ्रेंच माणसाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट बसवून, उकळत्या पाण्यात ठेवून टिकवण्याची पद्धत १८१० साली प्रसिद्ध केली आणि सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळवलं. पद्धत चालत होती, पण ती का चालते हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. हवा बाहेर ठेवली म्हणून अन्न टिकतं, असाच समज होता. नासवणारे सूक्ष्म जीव असतात आणि उष्णतेने ते मरतात, हे लुई पाश्चरच्या कामातून स्पष्ट व्हायला आणखी अर्धं शतक लागलं. बरणी उलटी ठेवणारा माणूस आजही त्या जुन्या समजातच असतो.

आणि हवा नसणं हे एका जंतूच्या तर सोयीचंच असतं. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम मातीत असतो, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत आणि हवा नसलेल्या, कमी आम्लाच्या पदार्थात ते वाढून जीवघेणं विष तयार करतात. पदार्थाचा पीएच ४.६ किंवा कमी असेल, म्हणजे तो पुरेसा आंबट असेल, तर हे बीजाणू वाढू शकत नाहीत. म्हणून आंबट फळं, जॅम आणि व्हिनेगरमधले पदार्थ उकळत्या पाण्यात चालतात. भाज्या, डाळी, मांस, मासे यांना ११६ ते १२१ अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि ते फक्त दाबाखालीच मिळतं. टोमॅटो या सीमेवर असतात. साधारण एक लिटरच्या बरणीत २ मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस किंवा अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड घालूनच ते भरायचे. ताज्या लिंबाचा आंबटपणा प्रत्येक फळात वेगळा असतो, म्हणून बाटलीतला रस.

सर्वांत अवघड: प्रेशर कॅनर

कॅनरमधून काढलेल्या बरण्यांचा रस बाहेर आला असेल तर आधी स्वतःची घाई तपासा. आच कमीजास्त झाली, किंवा वेळ संपल्यावर दाब आपोआप उतरू न देता वजन (शिट्टी) उचललं किंवा कॅनरवर थंड पाणी ओतलं, की आतला द्रव उसळून काठाखालून बाहेर येतो. दाब पूर्ण उतरू द्या, वजन काढा, आणखी १० मिनिटं थांबा, मगच झाकण उघडा. सील बसलं असेल तर थोडा द्रव कमी झाल्याने बिघडत नाही, वरचा पदार्थ काळपट होतो इतकंच. निम्म्याहून जास्त गेला असेल तर बरणी फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

सुरुवातीला वाफेचा जोरदार झोत १० मिनिटं बाहेर जाऊ द्यायचा आणि नंतर वजन बसवायचं. आत हवा राहिली तर काटा बरोबर दाब दाखवतो, पण तापमान तितकं नसतं. चालू असताना दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला तर तो पुन्हा वर आणून वेळ पहिल्यापासून मोजा.

रबरी गास्केट वाळलं, ताणलं किंवा तडकलं असेल तर त्याच मॉडेलचं नवं आणा. एवढं घरी करता येतं.

कुठे थांबायचं

काट्याचा डायल असलेला कॅनर वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. काटा दाबाच्या दोन पौंडांपेक्षा (psi) जास्त चुकत असेल तर तो बदलायचाच. सेफ्टी व्हॉल्व्ह, वाकलेलं झाकण, तळाला आलेला बाक, झाकणाच्या कडेने सतत निसटणारी वाफ: यातलं काहीही दिसलं तर स्वतः खोलू नका आणि तोवर कॅनर वापरू नका. उत्पादकाकडे किंवा प्रेशर उपकरणं दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. व्हॉल्व्हचं भोक दाभणाने कोरणं किंवा दुसऱ्या कॅनरचं वजन बसवणं हे स्फोटाला आमंत्रण आहे.

सगळ्या बिनखर्चाच्या आणि थोड्या खर्चाच्या तपासण्या करूनही सलग दोन खेपांना निम्म्या बरण्या हुकत असतील तर तिसरी खेप लावू नका. अन्नप्रक्रिया शिकवणाऱ्या एखाद्या जाणकाराला समोर बसवून एक खेप करून दाखवा. दुसऱ्याच्या डोळ्याला आपली चूक दोन मिनिटांत दिसते.

साठवलेल्या बरणीचं झाकण सुटलेलं असेल, चकती फुगली असेल, उघडताना द्रव उसळला असेल, बुडबुडे, बुरशी किंवा वेगळा वास असेल, तर ती बरणी टाकून द्या. चव घेऊन बघू नका, बोट चाटू नका, पुन्हा उकळून वाचवायचा प्रयत्न करू नका. बोट्युलिनमच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. जनावरांनाही घालू नका. बंद बरणी जाड पिशवीत गुंडाळून कचऱ्यात टाका. गळत असेल तर हातमोजे घाला आणि सांडलेली जागा एक भाग ब्लीच आणि पाच भाग पाणी अशा द्रावणाने ओली करून अर्ध्या तासाने पुसा. ही बरणी लगेच लक्षात यावी म्हणूनच मी साठवताना कडी काढून ठेवते. कडं असलं की सुटलेली चकतीही जागेवर बसलेली दिसते.

शंका असलेल्या बरणीतलं कुणी खाल्लं असेल आणि एकाचे दोन दिसणं, नजर धूसर होणं, पापण्या जड होऊन खाली येणं, जीभ अडखळणं, गिळायला त्रास किंवा हातापायांतली ताकद कमी होणं यातलं काहीही जाणवलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. लक्षणं बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, पण कधी काही दिवसांनीही येतात. लगेच रुग्णालयात न्या आणि घरी भरलेल्या बरणीतलं अन्न खाल्लं होतं हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. या विषावर प्रतिविष असतं आणि ते जितकं लवकर दिलं जाईल तितकं नुकसान कमी होतं. उरलेला पदार्थ फेकून देऊ नका. त्याच बरणीत, नीट बंद करून, तपासणीसाठी सोबत न्या.